अठरा मोजेपर्यंतचा श्वास

१२ जानेवारी

छोट्या,

आशीर्वाद, खुशाली वगैरे वरच्या ओळी गाळतो. पस्तीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाने त्या लिहिल्या, तर तू पाकीट तिथल्या तिथे फाडशील. पत्ता बँडमधल्या मोठ्या ड्रमवाल्याकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी दोन आठवडे त्याच्या मागे भुणभुण लावली होती. फोन नंबर मात्र त्याने दिला नाही. तू बजावून ठेवलं आहेस म्हणाला.

कामाचंच विचारतो. बाबांच्या त्या संथ रचनेत शेवटी ट्रम्पेटचा एकच सूर अठरा मोजेपर्यंत धरायचा असतो, त्याच्या आधी तू श्वास कुठे घ्यायचास? कागदावर खूण नाही. बाबा खुणा करायचेच नाहीत, ‘ज्याला कळायचं त्याला कळतं’ म्हणायचे. तू बावीसपर्यंत आरामात जायचास आणि वर हसायचास. मी नवावर फुटतो. परवा तर सातावर.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी निवृत्त होतोय. बागेतल्या चौथऱ्यावर नगरपालिकेच्या बँडचा बँडमास्तर म्हणून शेवटचा कार्यक्रम. ती रचना मी स्वतः वाजवणार असं साऱ्या गावाला सांगून बसलोय, आणि तेही बाबांच्या ट्रम्पेटवर. हो, त्याच. तू गेल्यावर बाबांनी तो पेटीत घालून कुलूप लावलं, ते मरेपर्यंत काढलं नाही. ते गेल्यावरही पाच वर्षं माझा हात धजावला नाही. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात काढला. अजून तसाच झळकतो.

तब्येत बरी आहे. जिना चढताना थोडा दम लागतो, साठीला आलो, लागणारच. फक्त श्वासाची जागा कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

दादा

४ फेब्रुवारी

छोट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, माझ्याकडे कागद भरपूर आहे.

मागच्या पत्रात ‘थोडा दम’ लिहिलं, ते थोडं नाही. तालीमघराला बावीस पायऱ्या आहेत, तुला माहीतच आहेत. मी दोनदा थांबतो. पहिल्यांदा बुटाची नाडी बांधतो आणि दुसऱ्यांदा भिंतीवरची सूचना वाचतो. ती सूचना चार वर्षांपूर्वीची आहे आणि पोरांना आता संशय यायला लागलाय. वरून कोरडा खोकला. संध्याकाळी अंगात कणकण. विजार ढिली होऊन पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

या दमापायी मला कुठे कुठे फिरवलंय, ऐक. नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पित्त आहे. महिनाभर पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. मग म्हणाले, हृदय बघून घ्या. हृदयवाल्याने छातीला वायरी चिकटवून मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं. हृदय ठणठणीत निघालं, माणूस मात्र धापा टाकत खाली बसला. त्यावर तो तरुण हसून म्हणाला, "काका, थोडा व्यायाम वाढवा." व्यायाम वाढवला, दम वाढला. तिसऱ्याने दमा ठरवला आणि तोंडात ओढायचा पंप दिला. तो ओढून ओढून जीभ कडू झाली, बाकी फरक शून्य. जो भेटतो तो सल्ला देतो. एक म्हणतो चाला, दुसरा म्हणतो चालू नका. शेजारचा शिंपी तर म्हणाला, "मनाला लावून घेताय निवृत्तीचं." मी त्याला म्हटलं, मन गळ्याच्या खाली असतं का रे? तर म्हणे तुम्ही चिडता फार, त्यानेही दम लागतो.

अरे, मी बँडमास्तर आहे. चाळीस वर्षं फुंकर मारून पोट भरलं. मला श्वास कसा घ्यायचा ते हे शिकवणार!

तुझी वहिनी म्हणते, छातीच्या डॉक्टरांकडे चला. नाव नोंदवलंय. श्वासाची जागा अजून हवी आहे.

दादा

२६ फेब्रुवारी

छोट्या,

छातीची डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान आहे. आधी वाटलं, ही काय सांगणार. तिने माझ्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ लावून ठेवली. म्हणाली, "खाली दोन्ही बाजूंना बारीक चर्रचर्र ऐकू येतं. हा दमा वाटत नाही." मग छातीचा तो मोठा फोटो काढला, बोगद्यात झोपवून काढतात तो. फुप्फुसांत धुकं पसरल्यासारखे डाग आहेत. तिचं म्हणणं, तुम्ही श्वासातून काहीतरी रोज आत घेताय आणि तुमच्या फुप्फुसांना ते सोसत नाही. ते काय, हे शोधायचं.

शोधायचं म्हणजे तिने मला चार पानी प्रश्न दिले. घरात पक्षी आहेत का? भिंतींना ओल? पिसांच्या उशा? कुंड्या? जुनं गवत, लाकडाचा भुसा? कामाचं स्वरूप काय?

मी सगळं लिहिलं आणि कामाला लागलो. सज्जात येणाऱ्या कबुतरांना जाळी मारली. उशा टाकल्या. न्हाणीघराची भिंत खरवडून रंगवून घेतली. तुझ्या वहिनीच्या एकोणीस कुंड्या शेजाऱ्यांना वाटल्या, ती बाजारात गेली असताना. ते तिने अजून माफ केलेलं नाही.

रंगाचा वास जाईपर्यंत दहा दिवस लेकीकडे राहिलो. आणि काय सांगू, चौथ्या दिवशी खोकला थांबला! कणकण नाही. आठव्या दिवशी तिच्या तीन मजल्यांच्या घरात नाडी न बांधता वर गेलो. नातीला पाठुंगळी घेतली. म्हटलं, झालं, घरच दोषी होतं, आता रंगवलंय, सुटलो. मोठ्या तोऱ्यात परत आलो, पेटी उघडली, सरावाला बसलो. आठवड्यात पुन्हा सूचना वाचायला लागलो.

इतका संताप आला की नवीन रंगवलेल्या भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. आता दम आणि लंगडणं दोन्ही आहे.

दादा

१९ मार्च

छोट्या,

आज घरात अबोला आहे, म्हणून तुला लिहितो. तू तरी आधीपासूनच बोलत नाहीस.

गेल्या आठवड्यात पुन्हा लेकीकडे गेलो, की तिथे बरं वाटतं. सरावाचे दिवस वाया जायला नकोत म्हणून या वेळी ट्रम्पेट बरोबर नेला. पाचव्या दिवशी तिच्या पहिल्या मजल्यावरच बसकण मारली. नात पाठुंगळी मागत होती, तिला हाकललं. ती रडली.

परतताना गाडीत तुझी वहिनी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मागच्या खेपेला तिकडे बरे झालात, या खेपेला नाही. घर तेच, लेक तीच. जास्तीचं काय नेलं होतंत ते सांगा."

मी म्हटलं, काही नाही.

"मांडीवर काय आहे?"

मांडीवर पेटी होती.

मी खूप बोललो तिला. बाबांच्या वस्तूवर आळ घेतेस म्हणालो. तिने एवढंच विचारलं, "डॉक्टरांच्या कागदावर कामाच्या रकान्यात काय लिहिलंत?" आता तुला खरं सांगतो. मी ‘नगरपालिकेत नोकरी, बैठं काम’ असं लिहिलं होतं. बँडचं लिहिलं असतं तर ती पोरगी आधी वाजवणं बंद करायला सांगेल, हे मला माहीत होतं. मेपर्यंत मला ते परवडणार नव्हतं. तुझ्या वहिनीने कपाळावर हात मारला. "कारण शोधायला जाता आणि तेच लपवून ठेवता! माझ्या कुंड्या कशाला घालवल्या मग?"

तुला बाबांचा नियम आठवतो ना? बाहेरून रोज पुसायचा, चेहरा दिसेल इतका. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. ‘आत सूर मुरतो, धुतलात तर कोरा होईल.’ बँडमधले बाकी सगळे आपापली वाद्यं दर महिन्याला कोमट पाण्याने धुवायचे, माझा साधा ट्रम्पेटसुद्धा मी धुवायचो. फक्त बाबांचा नाही. आपल्याला त्याचा केवढा अभिमान होता. मीही गेले दीड वर्ष तो नियम पाळतोय, रोज दोन तास.

म्हणून आता दुसरे दोन प्रश्न, श्वासाच्या जागेपेक्षा महत्त्वाचे. तुला दम कधी लागायला लागला? आणि थांबला का, कधी?

त्या दिवशी, स्पर्धेत, अकरावर तुझा सूर तुटला आणि बाबा सगळ्यांसमोर तुला ढोंगी म्हणाले, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होतो आणि काही बोललो नाही. हे मला कळतं. तरी विचारतो. नाही कळवलंस तर तुझा हक्क आहे.

दादा

४ एप्रिल

छोट्या,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने दिलं तेव्हा अक्षर ओळखलं आणि जिन्यातच बसलो. या वेळी दमामुळे नाही.

तू लिहिलंस ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. ‘वाद्य हातात आल्यावर तीन महिन्यांनी सुरू झाला. इथे आलो, दीड-दोन महिन्यांत गेला, परत कधी नाही. श्वास आधीच्या ओळीत, चौथ्या मात्रेनंतर घ्यायचा, खांदे न उचलता.’ बस. खाली सहीही नाही. तरी पहिल्या पत्रातला प्रश्न तू विसरला नाहीस.

ते कार्ड आणि ट्रम्पेटची पेटी घेऊन डॉक्टरणीकडे गेलो. कागदावर खोटं लिहिलं होतं तेही कबूल केलं. मला वाटलं ओरडेल. तिने कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कोण?"

"धाकटा भाऊ."

"यांनी तर माझं अर्धं काम केलंय, काका. वाद्य बदललं नाही, माणूस बदलला, तरी तोच त्रास. आणि वाद्यापासून दूर गेल्यावर बरा." मग तिने एक लांब काडी, टोकाला कापूस लावलेली, ट्रम्पेटच्या नळीत घातली आणि फिरवली. पांढरी काडी बाहेर आली ती हिरवट काळी. चिकट. सूर मुरलाय म्हणे! बुरशी मुरली होती.

आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. दोन जातींची बुरशी, माझ्या रक्तातही तिच्याविरुद्धच्या खुणा. पेटीत इतकी वर्षं ती वाळून पडली होती, माझ्या फुंकरीच्या ओलीने पुन्हा वाढली. फुंकताना प्रत्येक वेळी मी तोंडाने खोल श्वास ओढायचो तो तिथूनच. प्रत्येकाला बाधत नाही, म्हणाली, एखाद्याच्या शरीराला चालतं, एखाद्याच्या नाही. आपल्या घराण्याला चाललं नाही. बाबांनी स्वतः पंचेचाळिशीत वाजवणं सोडून तुझ्या हातात का दिला, हे आपण कधी विचारलंय? ‘माझी छाती आता पूर्वीची राहिली नाही’ असं म्हणायचे. आपल्याला वाटायचं, विनय.

सहा महिने कुठलंही फुंकायचं वाद्य तोंडाला लावायचं नाही. गोळ्या सुरू आहेत. फुप्फुसं बरीचशी सुधारतील, थोडी खूण राहील. वेळेत सापडलं म्हणाली. म्हणजे मे गेला. मी हात जोडले, नंतर भांडलो, शेवटी म्हटलं, एकदाच वाजवू द्या. ती म्हणाली, "काका, तुमच्या भावालाही कोणीतरी एकदाच वाजव म्हणालं असेल."

तिला काही माहीत नाही. तरी मला तिथून पळावंसं वाटलं.

दादा

५ एप्रिल

छोट्या,

कालचं पत्र टाकलं आणि आज पुन्हा बसलो. कालच्यात आणि त्याच्या आधीच्यातही मी एक गोष्ट लपवली.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी, दुपारी, तालीमघराच्या जिन्यात तू तिसऱ्या पायरीवर बसला होतास. दोन्ही हातांनी कठडा धरला होतास. खांदे वरखाली होत होते, ओठ निळसर झाले होते. तू म्हणालास, "दादा, बाबांना तू सांग. माझं ऐकत नाहीत. मला हे झेपणार नाही." मी हो म्हणालो. वर गेलो. बाबांनी विचारलं, काय झालंय त्याला?

मी म्हणालो, "काही नाही, ढोंग करतोय. सराव चुकवायचाय."

तो शब्द बाबांचा नव्हता. माझा होता. आठवडाभर आधी मीच त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो सगळ्यांसमोर वापरला. कारण तो ट्रम्पेट मला हवा होता. मी थोरला, मी सहा वर्षं जास्त घासलेली, आणि त्यांनी सतरा वर्षांच्या पोराच्या हातात दिला. वाटलं, तू एकदा चुकलास की माझ्याकडे येईल. तू चुकलास आणि गाव सोडून गेलास. त्यांनी कुलूप लावलं. माझ्या हातात आला तो तेहतीस वर्षांनी, आणि काय घेऊन आला ते तू वाचलंसच.

तुझे निळे ओठ मी पाहिले होते. पंचवीस वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो.

हे लिहिताना मला अजिबात दम लागत नाहीये, याचाही राग येतोय.

दादा

६ मे

छोट्या,

कार्यक्रम परवा झाला. बागेत दोनएकशे माणसं होती. त्या स्पर्धेच्या दिवशी हजर असलेले जुने बँडवाले आता सहा उरलेत. मोठ्या ड्रमवाल्याकडून मी सहाही जणांना पुढच्या रांगेत बसवून घेतलं.

वेळ आली तेव्हा मी उठलो, ट्रम्पेटऐवजी खिशातून कागद काढला आणि तपासणीचा रिपोर्ट मोठ्याने वाचला. बुरशीच्या जातींची नावं उच्चारताना दोनदा अडखळलो. नगराध्यक्षांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मी सांगितलं की पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला या बँडसमोर ढोंगी म्हटलं गेलं. तो शब्द मी काढला होता. तो खोटा होता. मुलाचा श्वास खरंच कोंडत होता आणि मला ते दिसत होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. सहापैकी एकाने, बासरीवाल्याने, मान खाली घातली. त्या दिवशी बाबांच्या मागोमाग तो हसला होता, मला आठवतं.

नंतर ती रचना आम्ही ट्रम्पेटशिवाय वाजवली. शेवटी तुझा सूर यायचा तिथे बाकी सगळ्यांनी खालचे सूर धरून ठेवले आणि मी बँडमास्तरची छडी हातात घेऊन अठरा मोजले. त्याआधी, चौथ्या मात्रेनंतर श्वास घेतला, खांदे न उचलता. फुंकायचं काही नव्हतं, तरी घेतला. पूर्ण भरला.

ट्रम्पेट मी त्याआधीच कोमट पाण्याने धुतला, डॉक्टरणीने सांगितलं तसा तोंडाला फडकं बांधून, तीनदा. बादलीतलं पाणी बघून तुझी वहिनी म्हणाली, "हे माझ्या कुंड्यांवर ढकललंत होय." आता तो बँडच्या कपाटात आहे, आतून बाहेरून कोरा. वाजवायचा असेल तर कोणीही वाजवावा, दर आठवड्याला धुऊन. तसं लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

तू ये असं मी लिहिणार नाही. तेवढा अधिकार माझा नाही. सोबत रिपोर्टची प्रत जोडली आहे. वर रुग्णाच्या जागी माझं नाव आहे, ते खोडून तुझं घाल. वयाच्या जागी एकोणीस लिही आणि तारीख पस्तीस वर्षं मागे ने. कोणी खोडाखोडीबद्दल विचारलंच, तर खाली बघ म्हणावं. तिथे मी सही केली आहे.

दादा